मागे बेचाळीस, पुढे छत्तीस

जव्हार-मोखाड्यातल्या एकूण एक सायकलींना अंगठा लावलेला माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही त्यांना भावोजी म्हणतो. ओळखीचं कुणी भेटलं की लोक रामराम करतात. भावोजी आधी त्याच्या सायकलचा मागचा टायर दाबत, मग पुढचा, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत. "कुठं निघालास?" हा त्यांचा प्रश्न नुसता विचारपुशीचा नसे. माणूस कुठं निघालाय, ओझं किती, रस्ता डांबरी की मातीचा, हे कळल्याशिवाय चाकातली हवा ठरत नाही, आणि ती ठरल्याशिवाय कुणी घराबाहेर पडू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. जगातली निम्मी दुखणी टायरमध्ये जास्त हवा भरल्याने होतात आणि उरलेली निम्मी कमी भरल्याने, असंही ते सांगत. पोटदुखी यातल्या कुठल्या निम्म्यात बसते हे मी एकदा विचारलं होतं, तर त्यांनी मला माझं वजन विचारलं.

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. ते हिवतापाचे कर्मचारी. पाड्यापाड्यांवर सायकलने जायचं, ताप आलेल्यांच्या बोटातलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि त्या पट्ट्या जव्हारला पोचवायच्या. पहिल्याच आठवड्यात जामसरहून परतताना दगडासारख्या टायरांवर सायकल अशी उडत आली की डब्यातल्या झाडून सगळ्या पट्ट्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांपुढे पुन्हा सुई घेऊन उभं राहावं लागलं. एका म्हातारीने बोट पदराखाली लपवलं आणि विचारलं, "काल दिला त्या रगताचा काय केलास?" त्या दिवसापासून त्यांनी हवेचा अभ्यास धरला. सायकलच्या साध्या व्हॉल्व्हची हवा मोजता येत नाही म्हणून मोटारीच्या व्हॉल्व्हच्या ट्यूब घातल्या आणि हवा मोजायचा एक पितळी काटा कुठूनसा मिळवला. तो कायम शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. डांबरी सडकेला पन्नास पॉइंट, जामसरच्या मातीला चाळीस, आणि घाटातल्या सुट्या खडीवर मागे बेचाळीस, पुढे छत्तीस. पुढे पुढे काटा फक्त दुसऱ्यांना पटवण्यापुरता राहिला. अंगठा दाबून सांगितलेला त्यांचा आकडा एका पॉइंटानेही चुकत नसे.

ताईला बघायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "मुलीचं वजन किती?" बैठक गार पडली. आमचे काका तर चप्पल शोधायला लागले. भावोजी आपले शांतपणे म्हणाले, "तसं नाही, त्या कॅरियरवर बसणार. मागची हवा आधी ठरवलेली बरी." त्यावर आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, "अठ्ठेचाळीस." लग्न तिथंच ठरलं असं आम्ही आजही मानतो. मोखाड्याच्या बाजारात तर त्यांना टाळण्यासाठी लोक सायकल हातात धरून मागच्या गल्लीने जात. एकदा जामसरच्या एका ओळखीच्या गड्याला त्यांनी भाताच्या गोणीसकट गाठलं. "नको रं बाबा हवा काडूस, आताच भरून आनली," तो काकुळतीला आला. "गोणी उतरवून घरी जाशील ना? मग परतताना मोकळ्या सायकलला एवढी हवा कशाला?" असं म्हणून यांनी जाण्याची एक आणि येण्याची एक, अशा दोन हवा त्याला समजावून सांगितल्या. चकचकीत सायकली घेऊन शहरातून येणारी हेल्मेटवाली पोरंही सुटली नाहीत. त्यातला एकजण चिडून गेला आणि तासाभराने घाटातून मुद्दाम मागे फिरून भावोजींच्या पाया पडला. भावोजींनी त्याला उठवलं आणि पुढची अजून दोन पॉइंट काढली.

मी या सगळ्याला हसत असे. मी मोखाड्यात नोकरीला, कचेरीत दुपारी डबे उघडले की टेबलावर अंगठा दाबून त्यांची नक्कल करत असे, आणि ती छान वठत असे. आता ती आठवली की मला माझीच लाज वाटते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दर थंडीत भावोजी घाट चढून सूर्यमाळला जात. तिथल्या एका पाड्यावर त्यांचा नोकरीतला जुना सोबती राहतो. त्याच्याकडे भाकरी खायची आणि परत यायचं. वाटेत मुक्काम माझ्याकडे. त्या दिवशी बाजार होता. भावोजी पाठ शेकत बसले होते, त्यांनी काटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मागे बेचाळीस, पुढे छत्तीस. तेवढं बघून आण." मी सायकल पंक्चरवाल्याकडे नेली. तिथं कचेरीतला एकजण भेटला, गप्पा रंगल्या, आणि मी मान न वळवता पंक्चरवाल्याला म्हटलं, "भर चांगली." काटा माझ्या खिशातच राहिला. सकाळी निघताना भावोजींनी विचारलं, "काट्यावर बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." त्यांनी मान डोलावली आणि पायडलवर पाय ठेवला. उभ्या तालुक्याचे टायर दाबणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःचा टायर दाबला नाही, कारण हवा मेहुण्याने मोजली होती.

सूर्यमाळहून उतरताना दुसऱ्या वळणावर, डांबर उखडून खडी सुटली होती तिथं, सायकल घसरली. मागून येणाऱ्या जीपवाल्यांनी त्यांना मोखाड्याला दवाखान्यात आणलं आणि सायकल माझ्या दारात उतरवली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मी सायकलजवळ गेलो, काटा लावला. मागे साठ, पुढे अठ्ठावन्न. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी व्हॉल्व्हची पिन दाबली आणि हवा सोडत सोडत मागे बेचाळीस, पुढे छत्तीसवर आणली. आयुष्यात हवा इतक्या काळजीने मी तेवढी एकदाच मोजली.

हात गळ्यात अडकवून भावोजी माझ्या घरी आले ते थेट सायकलकडेच गेले. डाव्या अंगठ्याने मागचा टायर दाबला, पुढचा दाबला. मग म्हणाले, "हवा बरोबर होती. ब्रेक बरोबर आहेत. रस्ता तर पाठ आहे. राहिलं कोण? मीच." मी काटा त्यांच्या खिशात परत ठेवला. तीन महिन्यांत हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, खुशाल सायकल चालवा. भावोजींनी सायकल जामसरच्या त्या गोणीवाल्याला देऊन टाकली. "हातात आता ताकद राहिली नाही," म्हणाले, "उगाच कुणाच्या अंगावर जाऊन पडायचो." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, टायरवर ठेवला, फक्त स्वतःवरचा काढून घेतला. हे मी चार वर्षं बघत होतो आणि दर भेटीत सांगायचं ठरवून न सांगता परत येत होतो.

मागच्या महिन्यात जव्हारला गेलो तर भावोजी ओट्यावर बसून पपई दाबत होते. अंगठ्याला काम नाही म्हणून हल्ली फळं दाबतात, उशा दाबतात, ताईची कणीकसुद्धा सुटत नाही. पपई खाली ठेवून म्हणाले, "परवा पिकेल." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भावोजी, त्या दिवशी हवा मी मोजली नव्हती. नंतर मीच सोडली."

ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, "किती होती?"

"मागे साठ. पुढे अठ्ठावन्न."

मी खाली मान घालून शिव्यांची वाट बघत होतो. ते हळूच म्हणाले, "साठावर मी दुसऱ्या वळणापर्यंत आलो?"

"हो."

"खडीवरून?"

"हो."

त्यांनी आत बघून हाक मारली, "अगं, बाहेर ये. साठावर कुणाला पहिलं वळण उतरता यायचं नाही. मी दुसऱ्यापर्यंत आलो होतो." इतकं खुललेलं त्यांचं तोंड मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. ताई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पपई उचलून आत नेली, ते मला जास्त लागलं. थोड्या वेळाने भावोजींनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. सायकल सुटल्यापासून आखडलेले गुडघे आता दुमडत नाहीत, ओट्याच्या दोन पायऱ्या उतरायलाही त्यांना कठडा लागतो. "तेव्हाच सांगायचंस रे," म्हणाले. एवढंच.

मी निघालो तेव्हा ते कठड्याला धरून खाली आले. माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर दाबला. "मोखाड्यालाच ना? एकटाच?" मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून पितळी काटा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"किती आहे ते तू सांग."

मी खाली बसलो, काटा लावला, आणि जो आकडा आला तोच त्यांना सांगितला.