मिशीवाली राणी

गणपतभाऊजी गेल्याची बातमी मला वाशीमच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी कळली. केनवडचा एक ओळखीचा माळी टोपली रिकामी करत होता. मला पाहून तो उठला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे जवाई काल गेले. दोन दिवसांचा ताप झाला." मी काही बोलायच्या आत त्यानं गावाची चिंताही सांगून टाकली, "आता रानीचं काम कोन करीन?" माझी बहीण विधवा झाली होती आणि केनवडला पेच पडला होता तो राणीचा. त्या गावाला मी पस्तीस वर्षं ओळखतो. नवल वाटलं नाही, फक्त तिटकारा आला.

त्याला आता सात आठवडे झाले. केनवडच्या नाटक मंडळींनी आग्रह धरला की भाऊजींवर चार ओळी छापून याव्यात, आणि मंडळीत धड लिहिता येणारा एकही नसल्यामुळे ते काम मेहुण्याच्या गळ्यात पडलं. त्यांना गौरव हवा आहे. मी आठवणी लिहितो. त्यांत कुठे गौरव सापडलाच तर त्यांनी खुशाल वेचून घ्यावा.

भाऊजींचा मळा गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीला बारमाही पाणी. असा मळा दुसऱ्या कुणाकडे असता तर त्यानं सोनं पिकवलं असतं. भाऊजी मोट हाकताना पदं घोकायचे. मोट वर आली की नेमकी त्यांची तान सुरू व्हायची, बैल गोंधळून मागे सरायचे आणि निम्मं पाणी पुन्हा विहिरीत. तालमी दुपारी, म्हणजे भाजीला पाणी द्यायच्या वेळी. मग वाफ्यांना पाणी माझी यमुनाताई द्यायची, निंदण तीच करायची, बाजारच्या जुड्याही तीच बांधायची. ओसरीवर तिचे सासरे तुकारामबुवा चिलीम ओढत बसायचे आणि मुलाच्या गाण्याबद्दल कुणी विचारलं तर कानाला हात लावायचे. त्या घरात शहाणं माणूस बहुधा ते एकटेच.

मंडळींचं नाटक एकच. पटवाऱ्यानं रचलेलं, आणि पदं इतकी की बाण लागलेल्या राजाला मरायला तीन पदं पुरायची नाहीत. प्रधानाला भाषण पाठ नसायचं म्हणून तो राजाचंच वाक्य मान हलवत पुन्हा म्हणायचा. पेटीवाला एकाच पट्टीत वाजवायचा, कारण दुसरी त्याला येत नव्हती. आणि राणी म्हणजे आमचे भाऊजी. मिशीसकट. आमच्याकडे बाप जिवंत असेतो मुलगा मिशी उतरवत नाही. बाप गेला की डोक्याबरोबर तीही जाते, म्हणून बोडका ओठ दिसला की माणसं समजून जातात. तेव्हा तुकारामबुवा आहेत तोवर राणीला मिशी राहणार, हे साऱ्या गावानं पत्करलं होतं. राणी बारा वर्षं पदराआडून गायली. प्रेक्षकांतलं परगावचं कोणी हसलं तर शेजारचा त्याला दटावायचा, "बाप हाय त्याचा." हे सगळं गंभीरपणे चालायचं, हेच मला सोसवत नसे.

मग रिसोडचं बोलावणं आलं. पटवाऱ्यानं सांगितलं की रिसोडची माणसं मिशीवाली राणी चालवून घेणार नाहीत. आणि त्याच आठवड्यात माझी भाची सुभद्रा हिला पाहायला किन्हीराजाहून मंडळी यायची होती. हे स्थळ मी आणलं होतं. तीन खेपा घातल्या होत्या त्या घरच्या. दोन विहिरी, माणसं मानी पण सरळ, मुलगा चौथी शिकलेला आणि निर्व्यसनी. पोरीनं आईसारखं एकटीनं मळा ओढू नये एवढीच माझी इच्छा होती, आणि ताईचीही. नाटक बुधवारी, पाहुणे शुक्रवारी. भाऊजींनी डोकं चालवलं. मंगळवारी मिशी उतरवायची, बुधवारी राणी व्हायचं, आणि शुक्रवारी राजाची खोटी मिशी डिंकानं चिकटवून पाहुण्यांपुढे बसायचं! हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ताईनं नाही तर निदान बैलांनी तरी त्यांना अडवलं असतं.

पाहुणे मंगळवारीच आले. केनवडच्या बाजारात त्यांना काम निघालं, आलोच आहोत तर मुलगी पाहून जाऊ असं त्यांनी ठरवलं. मी त्या दिवशी तिथंच होतो. ओसरीवर घोंगडी अंथरली, ताईनं पाण्याचा तांब्या ठेवला, सुभद्रा आत नवं लुगडं नेसत होती... आणि न्हाव्याकडून भाऊजी आले. ओठ बोडका, चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचं समाधान. पाहुण्यांतले वडीलधारे गृहस्थ लगबगीनं उठले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आमाले काहून कळवलं नाही? बुवा कवा गेले?"

बारा वर्षं हजार माणसांपुढे गाणारे भाऊजी मान खाली घालून पायानं घोंगडीची सुरकुती सारखी करू लागले. तेवढ्यात परसातून तुकारामबुवांची हाक आली, "कोन आलं रे? चिलमीले इस्तू आना."

त्या गृहस्थांनी परसाच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी भाऊजींचे हात सोडले. "जित्या बापाची मिशी काढते, त्या घरची पोरगी आमाले नाही जमत," एवढं बोलून त्यांनी पायांत जोडे घातले. तांब्यातलं पाणीसुद्धा कुणी प्यायलं नाही. आतल्या दाराच्या चौकटीवर सुभद्राची बोटं दिसत होती, ती हळूच मागे गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त अवलक्षण बापाचं आणि भोग लेकीचा.

आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस रिसोडला गेला. मीही गेलो, चार लोकांत त्याला खाली ओढावं या रागानं, आणि मागे उभा राहिलो. दिवेलागणीला पडदा वर गेला. वनवासातली राणी रानभाजी खुडून जुड्या बांधते असा प्रवेश होता. भाऊजी एक गुडघा उभा करून बसले, मातीचे हात केसांना लागू नयेत म्हणून मनगटानं बट मागे सारली, जुडी ओढून बांधताना जीभ दातांत धरली... आणि मी ओळखलं. ती माझी ताई होती. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मला मात्र त्या माणसाची शिसारी आली. बाईचे कष्ट घेतले, लेकीची सोयरीक घालवली, आता तिचं बसणं-उठणंही टाळ्यांसाठी उचललं. मी तसाच वाशीमला परतलो.

दोन वर्षांनी सुभद्राला मानोऱ्याकडच्या एका बिजवराला दिली. दोन सावत्र पोरांची आई होऊन गेली ती. लग्नानंतर मी गाडी जुंपून केनवडला गेलो आणि ताईला म्हटलं, चल माझ्याकडे, इथं काय ठेवलंय. ती आली नाही. मी तिलाही मनातून मूर्ख ठरवलं आणि सणावारापुरतं येणं ठेवलं. तुकारामबुवा पुढे गेले. भाऊजींना आता रीतसर मिशी उतरवायला मिळाली आणि मंडळींनी त्याचा आनंद जेमतेम लपवला. मिशी पुन्हा कधी उगवली नाही. मरेपर्यंत त्यांनी राणीच केली, साठीला टेकल्यावरही. तेरवीला ह्याच मंडळींनी पेटी आणली होती आणि मंगलाचरण म्हणायची तयारी चालवली होती. मीच त्यांना हाकललं.

गेल्या आठवड्यात हा लेख लिहायचा म्हणून केनवडला गेलो. ताई मळ्यात मेथी उपटत होती. मी बांधावर बसलो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, की त्या माणसाजवळ तू कायले राह्यलीस. ती काम करतच होती. मिशीच्या दिवसापासून चार महिने आपण त्याच्याशी बोललो नाही, हे तिनं सांगितलं. सुभद्राचं दुःख आपल्याला मरेपर्यंत राहील, हेही सांगितलं. त्याची बाजू तिनं जराही घेतली नाही. मग म्हणाली, "पन तालमीच्या आंधी तो माह्यापुढे बसे, नामा. मी भाकर थापली का पाहे, जुडी बांधली का पाहे. पुन्हा कर म्हने. तू त माह्या हातचं जेवून मोठा झाला. सांग बरं, माह्या कोन्या हातात जोर हाय?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं नाही, तसं करणं लबाडीचं झालं असतं. लहानपणची ताई आठवून पाहिली. परकर, पाटी, चुलीचा धूर, सगळं आलं, हात काही आले नाहीत. तिनं मला वाढलेली एकही भाकरी आठवली नाही... आठवली ती रिसोडची राणी. जुडी डाव्या हातानं ओढून बांधणारी, आणि भाऊजी तर चांगले उजव्या हाताचे होते.

"डाव्या," मी म्हणालो.

ताई काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "म्हंजे तुयंही ध्यान होतं त माह्याकडे," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.