आर्मरर आजोबा आणि बदनाम रायफली

"मामांच्या हातात कायतरी द्या गं, न्हाईतर आता फॅन खोलतील," आजोबांची सून, म्हणजे माझी काकी, स्वयंपाकघरातून म्हणाली. बाहेर आजोबा स्टुलावर चढून, मान वाकडी करून, फिरत्या पंख्याचा आवाज ऐकत होते.

आजोबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. फौजेत बंदुका तपासायचे, दुरुस्त करायचे. उंब्रजजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना आर्मरर म्हणत. त्यांचे हात कधी स्वस्थ नसत. जेवताना चमचासुद्धा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहत.

मी सांगलीला, इंग्रजी शाळेत वाढले. गावी गेले की कुणाशी काय बोलावं ते सुचायचं नाही. आजोबा मात्र माझाच फोन माझ्यापुढे सरकवून म्हणत, "वाच." मग मी जगभरातल्या बदनाम रायफलींबद्दल वाचायचे आणि अडखळत मराठीत सांगायचे. पहिल्या महायुद्धातली कॅनडाची रायफल नेमबाजीत अव्वल होती, पण खंदकातल्या चिखलात अडकायची. त्यावर ते खूश होत. "शर्यतीचं खोंड चिखलात जुंपलं, आन् म्हणं बैल वाईट!"

व्हिएतनामची हकिकत आली की मात्र ते उठायचे. अमेरिकन शिपायांची समजूत करून दिली होती, की या नव्या रायफलीला फारशी सफाई लागत नाही. ती ऐन लढाईत अडकायला लागली तेव्हा दोष शिपायांवरच आला. आजोबा अंगणात फेऱ्या मारत.

"फुडं? त्या पोरांचं नाव कुणी धुतलं का न्हाई?"

"चौकशी झाली, आजोबा."

"पोरांच्या गावात कुणी सांगाय गेलं का?"

ते मला कुठेच सापडायचं नाही. पुढच्या सुट्टीत ते पुन्हा तेच विचारत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कारण सांगितलं. गावातले तानाजीकाका त्यांच्याच पलटणीत होते. एका चकमकीत काकांची रायफल अडकली, शेजारचा जवान जखमी झाला. रायफल तपासून आजोबांनी कागदावर लिहिलं, साफसफाई नाही. ते गावापर्यंत पोचलं आणि काकांना कायमचं चिकटलं.

"रायफल आरशागत व्हती," आजोबा म्हणाले. "गोळ्या भरायच्या मॅगझीनला तडा व्हता. मला आठवडाभर आधी दिसला व्हता. नवं मॅगझीन यायचं व्हतं, म्हटलं तवर चालंल." बोलताना ते माझ्या पेनचं टोपण काढत होते, लावत होते. "दोनदा त्याच्या दारातनं माघारी आलोय."

मी विचारलं, "पाणी आणू?"

पावसाळ्यात आजोबा गेले.

खंडेनवमीला आमच्याकडचे माजी सैनिक देवळात हत्यारं आणि अवजारं मांडून पूजा करतात. यंदा मधोमध आजोबांचे स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची कुपी होती. ज्यानं हत्यार नीट सांभाळलं त्यानं आधी फूल वाहायचं, अशी गावची रीत. तानाजीकाका दरवर्षीसारखे रांगेत शेवटी, भिंतीला टेकून उभे होते.

"तान्या, आज तरी हात धुऊन आलायस न्हवं?" पुढून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. काकाही हसले, आणि हातातलं फूल त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं.

तेवढ्यात पूजा मांडणाऱ्या सुभेदारनानांनी माझ्याकडे बोट केलं. "आर्मररची नात हाय. आमच्या आर्मररबद्दल दोन शब्द बोलंल."

दोन शब्द मी पाठ करून आले होते. शिस्त, सेवा, निष्ठा. समोर काकी पदरानं डोळे पुसत होती. मी काय बोलणार हे कळलं असतं तर तिनं मला हाताला धरून घरी नेलं असतं. मी खाली पाहिलं, मग रांगेच्या टोकाकडे.

"तानाजीकाकांची रायफल साफ होती," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "साफ होती. मॅगझीनला तडा होता, तो आजोबांना आधीच दिसला होता, आणि त्यांनी कागदावर खोटं लिहिलं. काका, तुम्ही पुढे या."