आधी कोण खेळणार

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने नशिबावर विश्वास ठेवू नये. मिस्त्रींचा नव्हताच. लोखंडी दोर तुटतो तो नशिबाने नाही, कुणीतरी तो वेळेवर बघत नाही म्हणून, असं ते नव्या माणसांना सुनावायचे. घरातही तोच खाक्या. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढायचा आणि पुन्हा ओढून बघायचं. बायको म्हणायची, "अहो, कुलूपच हातात येईल एक दिवस." असा ताकही फुंकून पिणारा माणूस फोनवर पत्ते खेळायला लागला, तो सुनेमुळे.

तिनेच तो खेळ त्यांच्या फोनवर टाकून दिला. एकेक पान ओढायचं, बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची; वर गेली की फुटलात. समोर फोनमधला एक गडी, त्याच्यापेक्षा जवळ गेलात की तो हरतो. खरी गंमत त्यानंतरची. गडी हरला की पुढचा गडी यायच्या आधी तीन नवी पानं समोर येतात. त्यातलं एक आपल्या जुडीत घ्यायचं, नाहीतर जुडीतलं एखादं नकोसं पान फाडून टाकायचं. पानंही एकेक चमत्कारिक. एक अडीचचं, एक पुढचं पान चोरून दाखवणारं, एक वर गेलेली बेरीज खाली ओढणारं. म्हणजे पानं पिसली जातात ती नशिबाने, पण जुडी आपणच बांधलेली असते. हे मिस्त्रींना पटलं आणि ते पानं फाडत सुटले. त्यांची जुडी इतकी बारीक, की पुढे काय येणार ते बहुतेक ठाऊकच असायचं. सून मात्र दिसेल ते चकचकीत पान घ्यायची आणि एकोणीसवर बसूनही आणखी एक ओढायची. फुटली की स्वतःच हसायची. "दैव देतं आणि कर्म नेतं, बाबा."

पुढे मुलाचं आणि तिचं फाटलं. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. दोघं एकमेकांना कंटाळली आणि सह्या करून मोकळी झाली. मुलगा दुसऱ्या शहरात गेला. बायकोने मिस्त्रींना बजावलं, "तिला फोन करायचा नाही. तुम्ही केलात की तिला वाटेल, पोराची वकिली करायला केला." मिस्त्रींना ते पटलं आणि पटलंही नाही. मुलगा पोटचा होता, पण आज कुठली लिफ्ट अडकली आणि कशी सुटली, हे घरात खोदून खोदून विचारायची ती एकटीच.

उरला खेळ. त्यात 'आजचा डाव' म्हणून एक प्रकार होता. जगात जो कोणी खेळेल, त्याच्यासमोर त्या दिवशी तीच पानं यायची. नशीब सगळ्यांना सारखं, पुढे ज्याची त्याची अक्कल. खाली ओळखीच्यांची नावं दिसायची, कोण कुठे थांबलं, कुणी काय फाडलं, सगळं. मिस्त्री सकाळी चहाबरोबर खेळत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या नावाखाली तिचं नाव येई. मग ते डबा बाजूला ठेवून तिचा डाव पहिल्यापासून बघत. बोलणं नव्हतं, पण भेट होत होती.

आणि एकाएकी तिचा खेळ बदलला. चौदावर थांबायला लागली. चांगली पानं समोर आली तरी घेईना. इतकं जपून तर मिस्त्रीसुद्धा खेळत नसत. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आजारी असेल का? नोकरी गेली असेल का? की आपला डाव आधी दिसतो म्हणून ती आपलीच नक्कल करतेय? याचा छडा लावायला मिस्त्रींनी एक शक्कल लढवली. आपण आधी खेळायचंच नाही. ती एकटीने काय करते ते बघायचं आणि मग आपला डाव टाकायचा.

त्या दुपारी तिचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मिस्त्रींचं कशात लक्ष लागेना. हातातला पाना खाली ठेवून ते फोन काढत, रिकामी यादी बघत, फोन खिशात टाकत आणि पाना शोधत बसत. एका इमारतीत लिफ्ट सुरू करून दिल्यावरही ते जिन्याने वरखाली करत राहिले. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "मिस्त्री, लिफ्ट झाली ना दुरुस्त?"

"झाली की."

"मग तुम्ही जिन्याने का फिरताय? आम्ही बसायचं की नाही तिच्यात?"

मिस्त्री ओशाळून खाली आले. तळमजल्यावर लिफ्टच्या दारात दोन भले गृहस्थ उभे होते. "आधी तुम्ही." "छे छे, तुम्ही आधी." एवढ्यात दार मिटलं आणि लिफ्ट रिकामीच वर गेली. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी फोन काढला आणि डाव टाकला. इतका वाईट ते कधी खेळले नव्हते. पहिल्याच गड्याने त्यांना हरवलं. त्यांचं नाव यादीत आलं. हत्यारं पिशवीत भरून होत नाहीत तोच फोन वाजला.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तू कुठे होतीस?"

"तुमचंच नाव येईना. मला वाटलं तुम्हाला कळलं, म्हणून तुम्ही बंद केलंत."

"काय कळलं?"

"मी लग्न करतेय."

मिस्त्रींना एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. ती धडधाकट होती, तिचं बरं चाललं होतं, आणखी काय हवं होतं त्यांना?

"मग चौदावर का थांबत होतीस?"

"भीती वाटते हो. एकदा मोडलंय ना." मग ती भरभर बोलली, "साक्षीदाराच्या सहीला माझ्या बाजूने मोठं कुणी नाही. तुम्ही याल? नसेल जमत तर राहू दे, मी रागावणार नाही."

"येतो," मिस्त्री म्हणाले. बायकोला विचारायला हवं, हे त्यांना फोन ठेवल्यावर सुचलं.

घरी बायको इस्त्री करत होती. मिस्त्रींनी चपला काढता काढता सांगून टाकलं. उशीचा अभ्रा उलटा करून तिने त्यावरून दोनदा इस्त्री फिरवली.

"कुठल्या नात्याने जाणार?"

बसमध्ये मिस्त्रींनी याचं उत्तर शोधून पाहिलं होतं. सापडलं नव्हतं. "बाबा म्हणते ती मला," ते म्हणाले.

बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं. "मला आई म्हणायची. मला बोलावलंय?"

मिस्त्रींनी फोन तिच्यासमोर धरला. "तूच विचार."

तिने पदराला हात पुसले, फोन घेतला, उलटसुलट करून बघितला. "कुठल्या नावाने ठेवलाय तिचा नंबर?"

"सूनबाई," मिस्त्री म्हणाले. "बदलायचं राहून गेलं."