कुंकू लावून मागितलेलं मत

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. आमचं गाव तेलंगणाच्या हद्दीत, पुढची शाळा तेलुगूची, तीही दूर, म्हणून घरीच राहिले. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात.

परवा लेकीनं फोनवरची बातमी वाचून दाखवली. लांब समुद्रात एक लहानसा देश आहे, तिथं खासदारांची निवडणूक झाली. पक्ष नाहीत. उभा राहिलेला माणूस घरोघर जाऊन बसतो, आणि समोर उभा असतो तोही नात्यातलाच. लेक म्हणाली, "आई, हे त् आपल्या वार्डासारखंच झालं." म्हणून आमच्या वार्डाचं लिहिते.

पंचायतीच्या निवडणुकीत आमचा वार्ड बायकांसाठी सुटला होता. वरच्या गल्लीतून माझ्या थोरल्या जाऊबाईंनी फॉर्म भरला. गावातले मोठे म्हणत होते, दुसरं कोणी उभं राहू नका, एकमतानं होऊ द्या. पण आमच्या खालच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, आणि मेंबर दरवेळी वरचाच. बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की आपली एक बाई उभी करायची. घरपट्टी भरलेली आणि सही येणारी मीच निघाले.

"मला बोलता येत नाही," मी म्हटलं.

गटाची अध्यक्षीण म्हणाली, "नळ का बोलल्यानं येते? तू उभी त् राह्य."

अनामत गटानं भरली. मतं फारच कमी पडली तर ती रक्कम बुडते, आणि बुडाली तर आमच्या घरानं भरून द्यायची, असं माझ्या मालकांनी गटात कबूल केलं. मालक कापूस वेचायच्या मजुरीवर. त्यामुळं निवडून येण्यापेक्षा मला अनामतीचीच काळजी होती. जाऊबाई नळावर भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "काऊन वं, गटाले बुडवून राह्यली का? घरातल्या घरात तोंड उघडत नाही, मतं कशी मागशीन?"

खरंच होतं ते. पहिल्या दिवशी मी दोन-चार घरी गेले, चहा प्याले आणि परत आले. एका घरी तर त्यांना वाटलं मी विरजण मागायला आले. त्यांनी वाटीभर दिलंही.

मग अध्यक्षिणीनं युक्ती काढली. करंडा घेऊन जायचं, बाईला कुंकू लावायचं आणि आपल्या चिन्हाचा, म्हणजे गॅसच्या शेगडीचा, कागद हातात द्यायचा. बोलायचं कामच नाही. ते मला जमलं. मान खाली, पदर डोक्यावर, कुंकू, कागद, पुढचं घर.

गल्लीच्या टोकाच्या घरात अंधार होता. उन्हातून आत गेल्यावर चेहरे दिसेनात. समोर बाई बसलेली दिसली, मी वाकून कुंकू लावलं. मागून अध्यक्षिणीनं मला चिमटा काढला तेव्हा मी वर पाहिलं. ती त्या घरची म्हातारी होती. तिचा नवरा माझ्या लग्नाच्याही आधी वारला होता. तिची सून भाकरी थापायची थांबली. मी पदराचं टोक हातात घेतलं.

म्हातारीनं कपाळाला बोट लावून पाहिलं.

"काकू, चुकलं माझं. पुसून देते."

"राहू दे वं. लय सालानं कोणी कपाळाले हात लावला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मत पाह्यजे नं? मंग तोंडानं माग."

मी म्हटलं, "काकू, मला मत द्या." निवडणुकीत मी तोंडानं मागितलेलं ते पहिलं मत.

संध्याकाळपर्यंत गोष्ट वरच्या गल्लीत पोचली. जाऊबाई ओट्यावर उभं राहून म्हणाल्या, "रांडमुंड बाईले कुंकू लावते, हिले रीत ना भात, आन् हिले मेंबर करतेत!" दोन घरांनी माझा कागद परत पाठवला. आता अनामत गेलीच, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईनं मला हटकलं, "माह्या घरी काऊन नाही आली?" मग मी अशा बायकांच्या घरी गेले की आधी विचारायचे, लावू का? कोणी हो म्हणाली, कोणी नको म्हणाली. दोघींनाही पुढे म्हणायचे, मत द्या. विचारायची सवय लागली की पुढचं बोलणं आपोआप येत होतं.

मतदानाच्या दिवशीच दुपारी शाळेत मोजणी झाली. जाऊबाई थोड्या मतांनी निवडून आल्या. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "मुकी मुकी म्हणता म्हणता बरीच मतं खाल्ली वं तू." माझी अनामत वाचली होती.

वाचली, पण हातात यायला पावसाळा उजाडला. मंडल ऑफिसातला, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीतला, कारकून पावती बघायचा आणि "रेपु रा," म्हणजे उद्या ये, म्हणायचा. आधी मालक जायचे आणि परत यायचे. शेवटी मी गेले, टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, आज देईपर्यंत मी इथंच बसते." जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं सही घेतली आणि पैसे दिले.

खालच्या गल्लीत पाणी अजून आलेलं नाही. जाऊबाईंना मी दर आठवड्याला विचारते. अनामत हाती आली त्या आठवड्याच्या बैठकीत मी गटापुढं नोटा ठेवल्या. अध्यक्षिणीनं मोजल्या, पेटीत टाकल्या आणि कुलूप लावलं. गटाचे पैसे पूर्ण फिटले.