साइटवर असतो

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे टॉर्च म्हणतात. लहानपणी कुणी "मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं की तो सांगायचा, "थिएटरमध्ये टॉर्च मारतो ना, तो माणूस." पायलट नाही, डॉक्टर नाही, हिरोसुद्धा नाही. उशिरा आलेल्यांना अंधारात खुर्ची दाखवणारा! तेव्हा सगळे पोट धरधरून हसायचे. पुढे पठ्ठ्याने संख्याशास्त्राची पदवी घेतली, तीही चांगल्या गुणांनी. पण पदवीनंतर एक वर्ष रिकामं गेलं, दुसरंही सरत आलं, तेव्हा बाबा त्या गोष्टीला हसेनासे झाले.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा एक बोळ. बोळात एका बाजूला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला टॉर्चचं टेबल. स्वयंपाकघरात जायचं तर त्याच्या खुर्चीमागून अंग चोरून जावं लागतं, आणि जाणारा माणूस त्याच्या स्क्रीनवर नजर टाकल्याशिवाय पुढे जात नाही. बोळाला एक दार आहे, पण फ्रिज आला तेव्हापासून ते लागत नाही. थोडक्यात, माझा भाऊ दोन वर्षं आमच्या सगळ्यांच्या वाटेत बसलेला होता, आणि हे त्याला रोज कुणी ना कुणी बोलून दाखवायचं. त्यात मीही होते.

सकाळी तो नोकरीचे अर्ज पाठवायचा. मुलाखतीला बोलावणं आलं की निळा शर्ट इस्त्री करून जायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, "कळवतो म्हणालेत." आमच्या घरात हळूहळू 'नाही' हा शब्दच बंद पडला आणि त्याच्या जागी 'कळवतो' आला. बाबांना एकदा आईने विचारलं, "भाजी कशी झालीय?" बाबा म्हणाले, "कळवतो." आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि टॉर्च ताटावरून उठून गेला.

दुपारी आई जरा आडवी झाली की तो स्वतःच्या वेबसाइटवर लिहायचा. ती त्याने स्वतःच बांधलेली होती. जाहिरात नाही, फोटो नाही, नुसतं पांढरं पान आणि त्यावर एकच विषय, सिनेमातली दारं. कोण खोलीतून कसं बाहेर पडतं, कोण दार आपटतं, कोण हळूच ओढून घेतं. एका जुन्या सिनेमात मुलगा घर सोडून जातो आणि दार अर्धं उघडं ठेवून जातो. त्या अर्ध्या दारावर याने एवढं लिहिलं होतं, की आख्खा सिनेमा तेवढ्या वेळात बघून झाला असता. मी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण नंतर एकदा थिएटरात बसले असताना हिरो छातीवर हात ठेवून रडत होता आणि मी त्याच्यामागचं दार लागलंय का ते बघत होते. माझा सिनेमा त्याने कायमचा बिघडवला, हे मात्र खरं.

तर घरात कुणी विचारलं, "टॉर्च कुठाय?" की उत्तर ठरलेलं असायचं. "साइटवर आहे." म्हणजे बोळात आहे, लिहितोय, हाक मारू नका. त्या शब्दाचा दुसराही अर्थ आहे हे आमच्या डोक्यातून पार गेलं होतं.

एका रविवारी आत्याचा फोन आला. आत्या बाबांची थोरली बहीण. तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस आमच्या नात्यात अजून जन्मलेला नाही. आईचे हात कणकेत, म्हणून फोन स्पीकरवर.

"काय गं, पोरगा सध्या काय करतो?"

"तो ना, वन्सं? तो साइटवर असतो दिवसभर," आई सवयीने बोलून गेली.

"अगंबाई! एवढ्या उन्हातान्हात?"

आई थांबली. मी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. बोळातली टाइपिंगची टकटकही बंद झाली. आई म्हणाली, "हो ना."

आई खोटं बोलणारी बाई नाही. पहिलं वाक्य तर शंभर टक्के खरंच होतं. सगळा घोळ त्या 'हो ना'ने केला. बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा वर केलं. त्यांना ते वाक्य आवडलं होतं हे मला स्पष्ट दिसलं. दोन-चार दिवसांत ऑफिसातही त्यांनी तेच सांगायला सुरुवात केली, "मुलगा साइटवर असतो," आणि कुणी पुढे विचारलं की घड्याळ बघायचं.

मी आईला म्हटलं, "सांगून टाक ना आत्याला. अजून वेळ गेलेली नाही."

"तुला काय जातंय?" आई भडकली. "दोन वर्षं झाली. त्याला कुणी विचारत नाही, मला विचारतात. जिन्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत. दर वेळी मी गप्प. या वेळी पहिल्यांदा मला पटकन काहीतरी सांगता आलं."

आईची बाजू मला कळत होती, आणि तरी तिचा राग येत होता.

हे इथेच विरून गेलं असतं. पण आत्याचे गुडघे धरले, आणि उपचारांसाठी ती आमच्याकडे राहायला आली. आता साइटवर असणारा मुलगा दिवसभर बोळात कसा बसणार? मग रोज सकाळी बाबांचे जुने जाड बूट घालून, डबा घेऊन टॉर्च घराबाहेर पडायला लागला. आधी घरात अडकला होता, आता बाहेर अडकला. वाचनालयात बसायचा, तर तिथले म्हातारे वर्तमानपत्रासाठी त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघायचे. थिएटरात सकाळचा खेळ बघायचा, आणि सिनेमा बदलेपर्यंत तोच पुन्हा. उरलेला वेळ बसथांब्यावर. येणारी प्रत्येक बस सोडणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, असं त्यानेच मला सांगितलं.

आत्याची नजर मात्र तीक्ष्ण. "उन्हात असतोस तर रंग कसा रे एवढा टिकला?"

"टोपी घालतो," आई मध्येच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्याला टोपीही न्यावी लागली.

याच दिवसांत एक चांगली गोष्ट घडली. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी सिनेमाच्या तळाशी मजकूर देणारं एक छोटं ऑफिस होतं. संवाद तर द्यायचेच, पण आवाजही शब्दांत लिहायचे. तिथल्या एका बाईंनी टॉर्चचं लिखाण वाचलं होतं. दार लागल्याचा आवाज किती तऱ्हांनी लिहिता येतो, हे त्याच्याइतकं कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "कळवतो नाही म्हणाले," तो मला जिन्यातच म्हणाला, "दुसऱ्या फेरीला बोलावतो म्हणाले. बोलावतो!" त्याला हवी असलेली ही एकच नोकरी होती. तेवढं बोलावणं येईपर्यंत मोकळं राहायचं, बाकी काही नको होतं.

आणि नेमके त्या आठवड्यात आत्याचे शेजारी तिच्या गुडघ्यांची चौकशी करायला आले. हे गृहस्थ इमारतींचे ठेकेदार. सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे टॉर्च घरी. आत्याने त्याला त्यांच्यासमोर बसवलं.

"साइटवर किती वर्षं?" ठेकेदारांनी चहा बशीत ओतत विचारलं.

"दोन होतील."

"कशाचं काम बघतोस?"

टॉर्चने आईकडे पाहिलं. आई टेबलावरचे कागद सारखे करत होती. त्याने मला मागाहून सांगितलं की त्या क्षणी त्याने ठरवलं, एक अक्षरही खोटं बोलायचं नाही. समोरचा माणूस या धंद्यात मुरलेला, दोन प्रश्नांत ओळखेल, आणि आपण सुटू.

"दारं," तो म्हणाला.

"दारं-खिडक्या?"

"मुख्यतः दारं. खिडक्यांवरही थोडं केलंय."

"आणि चौकटी?"

"चौकट तर आधी बघावी लागते. चौकटीत काय बसतं आणि बाहेर काय राहतं, सगळं त्यावरच असतं."

ठेकेदारांनी बशी खाली ठेवली. "हेच! हेच आमच्या पोरांना सांगून सांगून माझा घसा बसला."

"पण मी कशाला हात लावत नाही," टॉर्च घाईने म्हणाला. "मी फक्त बघतो आणि लिहितो."

"मग सुपरवायझर आणखी काय करतो? सोमवारपासून ये."

"येईल," आत्या म्हणाली. "माझा शब्द आहे."

मी स्वयंपाकघरात पळाले आणि तोंडात ओढणी कोंबून हसले. बाहेर आले तर टॉर्च तसाच बसलेला. त्याचा चेहरा पाहिला आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

पाहुणे गेल्यावर तो आईच्या मागे ओट्याशी जाऊन उभा राहिला. "आई, एक वाक्य. आत्याला एवढंच सांग, की ती साइट आणि ही साइट वेगळी. मग मी नाही म्हणायला मोकळा."

"सांगते," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आत्याचं औषध घेऊन आत गेली आणि रिकामा पेला घेऊन बाहेर आली. "झोपल्यात त्या," म्हणाली. आतून आत्या फोनवर कुणालातरी आपल्या गुडघ्यांचं सविस्तर वर्णन करून सांगत होती.

शेवटी टॉर्चने स्वतःच लॅपटॉप उचलला आणि आत्याच्या पलंगावर जाऊन बसला. त्या अर्ध्या उघड्या दारावरचं लिखाण त्याने तिला वाचून दाखवलं. मुलगा दार पूर्ण लावत नाही, कारण लावलं तर तो गेला असं होईल, आणि उघडं ठेवलं तर तो येणार असं होईल, आणि त्याला दोन्ही म्हणवत नाही, असं काहीतरी होतं त्यात. आई दारात उभी होती. तिने त्याचं लिखाण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. रोज खुर्चीमागून ये-जा करायची, पण स्क्रीनवर काय लिहिलंय ते तिने कधी वाचलं नव्हतं.

आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "छान लिहितोस रे," ती मनापासून म्हणाली. "आणि साइटवर कधी जातोस?"

"आत्या, हीच साइट."

आत्याने चष्मा काढला. ती काही खुळी नव्हती, तिला लगेच सगळं समजलं. तिने टॉर्चकडे पाहिलंच नाही, दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "मग मी त्या माणसाला काय सांगू आता? माझी भावजय खोटं बोलली, असं सांगू?"

आईने मान खाली घातली. माझ्या आईला मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. टॉर्चनेही ते पाहिलं. त्याने लॅपटॉप मिटला.

"काही सांगू नकोस, आत्या," तो म्हणाला. "जातो मी सोमवारी."

बाबा म्हणाले, "थोडे महिने कर. ताईचा शब्द खाली पडायला नको." जणू शब्द म्हणजे काचेची बरणी, आणि ती धरून उभं राहायला घरात हाच एक मोकळा सापडला.

तिथे गेल्यावर पहिल्या दिवशीच ठेकेदारांच्या लक्षात आलं की पोराला भिंत सरळ आहे का ते दोरीला बांधलेल्या वजनाने बघतात हेसुद्धा माहीत नाही. पण ते म्हणाले, "पुस्तकी आहे. शिकेल." आणि तो शिकला. इमारतीत दारं नव्हतीच, नुसती भोकं होती, प्रत्येक मजल्यावर सगळी सारखी. टॉर्च मोजपट्टी घेऊन त्यांची मापं घेत फिरायचा. घरी यायचा तेव्हा इतका दमलेला असायचा की जेवताना घास हातातच राहायचा. नोकरी लागल्यापासून त्याने साइटवर, म्हणजे आमच्या साइटवर, एक ओळ लिहिली नव्हती.

मग त्या ऑफिसचं बोलावणं आलं, दुसऱ्या दिवशी या म्हणून. दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. स्लॅब ओतायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही, आणि त्या दिवशी रजा कुणी मागत नाही. टॉर्चने मागितली. ठेकेदार ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "तुझ्या आत्याला विचारतो." तेव्हा त्याने ऑफिसला फोन करून आणखी एखादा दिवस मिळेल का ते विचारलं. त्या बाई चांगल्या होत्या. "कळवतो," म्हणाल्या.

हे आईला त्याने सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही.

आत्या बरी होऊन गेली. खालच्या मजल्यावर नवीन शेजारी राहायला आले. एका संध्याकाळी मी कामावरून येत होते, तर टॉर्च माझ्यापुढे जिन्यात, बुटांना सिमेंट लागलेलं. आमच्या दारात आई नव्या शेजारणीशी बोलत उभी. आम्हाला तिने पाहिलं नव्हतं.

"मुलगा काय करतो तुमचा?" शेजारणीने विचारलं.

"लिहितो," आई म्हणाली. एका दमात, आधीच पाठ केल्यासारखं. "सिनेमावर लिहितो. दारांवर इतकं सुंदर लिहिलंय त्याने, मी ऐकलंय. तुम्ही वाचायलाच हवं."

टॉर्च पायरीवर थांबला. जिना अरुंद, त्यामुळे मीही त्याच्या मागे थांबले. दोन वर्षं त्याला हे एक वाक्य हवं होतं. माझा जीव इतका तुटला की वाटलं, आईचं तोंड हाताने बंद करावं.

तेवढ्यात आईने आम्हाला पाहिलं आणि ती खुलली. "हा बघा, आलाच!"

"अरे वा," शेजारीण म्हणाली. "सध्या काय लिहिताय?"

टॉर्चने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघत होती, खुशीत, मान ताठ करून.

"चालू आहे एक," तो म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला.