भिंतीपलीकडचा अंगठा

नववीत शाळा सोडली आणि पुढे ठेकेदाराबरोबर चेन्नईला आलो. गिंडीतल्या कारखान्यात लोखंडी टोकाचा बूट घातल्याशिवाय गेटातून आत सोडत नाहीत. त्या बुटात माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं. बूट चढेना झाला तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करणार, ही धास्ती. म्हणून रविवारी दुपारी दार लावून, कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, मी ब्लेडनं नखाचा कोपरा कोरत बसायचो. कोरावं तितकं ते आणखी खोल जायचं.

घरमालकीण अक्का तंजावरकडची मराठी, बोलण्याला तमिळ हेल. तिचे वडील, आप्पा, माझ्या भिंतीपलीकडे खाटेवर असायचे. साखरेच्या आजारात त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला होता.

एकदा मी ब्लेड टोचलं आणि पलीकडून आप्पांचा आवाज आला, "हळू रे." योगायोग असेल म्हणून थांबलो. आवाज नाही. पुन्हा टोचलं. "हळू म्हणतो ना!"

माझ्या हातातून ब्लेड पाण्यात पडलं.

संध्याकाळी अक्का दारात आली. "आप्पा काही तरीच बोलतात पा. म्हणतात, माझा अंगठा शेजारच्या खोलीत आहे, तो मुलगा त्याला छळतो." मग तिची नजर माझ्या पायावर गेली. अंगठा वांग्यासारखा झालेला, कडेनं पू. "अय्यो! एवढं लपवून ठेवलंस? ऊठ आधी."

तीच मला रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "काय, घरीच ऑपरेशन करता?" सुई देऊन अंगठा बधिर केला आणि नखाची रुतलेली कड काढली. मी बघत होतो; मला काहीच जाणवत नव्हतं. हे दुखणं आत्ता कोणाला जातंय, एवढंच मनात येत होतं.

"नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. आणि बूट मोठा घ्या," असं बजावून त्यांनी सोडलं.

जखम भरली. मोठ्या मापाचा बूट घालून मी गेटातून आत गेलो, काम टिकलं. अक्काचे उपकार फिटायचे नाहीत. आप्पांच्याही पाया पडलो. ते बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"जपून वापर," म्हणाले. "मला लागला की परत मागून घेईन."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?