व्हयातलं नाय

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिच्याजवळ एकच शब्द उरला. नाय. पाणी देऊ का, तर नाय. पंखा लावू का, तर नाय. पाय चेपू का, तरी नाय. नन्नाचा पाढा म्हणतात तो आमच्या घरी खरोखरचा सुरू झाला. पेणच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की तिला सगळं कळतंय, पण मनात हो असलं तरी तोंडातून हाच शब्द बाहेर पडेल. पुढे सुधारेल का, यावर ते काही बोलले नाहीत.

मी पुण्यात विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवतो. माणसाचं बोलणं ऐकून यंत्रानं ते मराठीत लिहावं, हे माझं आयुष्यभराचं काम. या कामावर मी प्राध्यापक झालो, परिषदांना हिंडलो, शाली-नारळ घेतले. आणि आता माझ्या आईला काय हवंय ते मला कळत नव्हतं. याहून दिव्याखाली अंधार तो कसला?

आई रोह्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे असते. बहीण अंगणवाडीत शिकवते. तिची मुलं कामाला बाहेरगावी गेली, नवरा कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे आईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं हे सगळं तिच्याच कमरेवर. मला आईला पुण्याला न्यायचं होतं. तिथे लिफ्ट आहे, व्यायाम करून घेणारी माणसं आहेत, दिवसभराची बाई मिळते. आई यायला तयार आहे का, एवढंच तिच्याकडून कळायला हवं होतं. आणि ती नाय म्हणत होती. पण मग, 'इथेच राहायचंय का?' यालाही ती नायच म्हणत होती.

या आवाजाच्या नादाला मी लागलो तो रोह्यातच. वडील कंपनीत रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. दोन खोल्यांचं घर. त्यामुळे दिवसभर आम्ही कुजबुजत जगायचो. भांडणंसुद्धा कुजबुजत. आईचं अर्धं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे, आणि त्यात मी पटाईत होतो. पुढे शिकताना पहिल्यांदा संगणकाच्या पडद्यावर माणसाच्या आवाजाची रेघ पाहिली तेव्हा इतर मुलं कंटाळून चहाला गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. लग्नानंतर बायको म्हणायची, हा माणूस घरात कुणाचं ऐकत नाही आणि बाहेर ऐकण्याचाच त्याला पगार मिळतो.

यंत्राला शिकवायचं तर हजारो माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्याला ऐकवावं लागतं. पुण्याच्या मराठीवर सगळ्यांचं काम चाललेलं. मी हट्टानं आमच्या खाडीकडचं बोलणं घ्यायचं ठरवलं. आईचं माहेर कासू स्टेशनला उतरून खाडीच्या अंगाला, मिठागरावर राबणाऱ्या माणसांचं गाव. विद्यार्थी घेऊन तिथे गेलो, पण मायक्रोफोन पुढे धरला की आमची माणसं जी चूक करतात ती मी हिशेबात धरली नव्हती. ज्या मामी मला वाटेत 'काय रं, सुकलास किती' म्हणाल्या, त्याच मामी मायक्रोफोनसमोर पदर सारखा करून म्हणाल्या, 'आमच्या गावी मिठाचे उत्पादन होते.' एकजात सगळे. हाय म्हणणारे आहे म्हणू लागले, व्हय म्हणणारे होय. शाळेत मास्तरांनी छड्या मारून जे घोटून घेतलं होतं ते सगळं माझ्या यंत्रात जाऊन बसलं. नाय हा शब्द जवळपास आलाच नाही.

आईनं तर कहर केला. रोह्याच्या घरी तिचं बोलणं घ्यायला बसलो, तर केसांना तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि मला, स्वतःच्या मुलाला, म्हणाली, 'मी बरी आहे. तुम्ही कसे आहात?' मी म्हटलं, आय, घरच्यासारखं बोल. तर कुजबुजली, 'मानसा आयकतील ना रं.' नेमकं तेवढंच मुद्रण होण्याआधी मी यंत्र बंद केलं होतं.

झटक्यानंतर रोह्याला गेलो तो मोबाइल आणि लॅपटॉप घेऊनच. आईचं प्रत्येक नाय मुद्रित करायचं, त्यापुढे ते कशासाठी होतं ते नोंदवायचं, आणि आवाजाच्या चढउतारावरून हो आणि नाही वेगळे काढायचे, असा माझा बेत. आधी म्हटलं, आपल्या यंत्राला काय ऐकू येतं ते तरी पाहू. आई म्हणाली नाय, आणि यंत्रानं लिहिलं 'न्याय'. पुन्हा घेतलं, तर 'गाय'. पुन्हा 'न्याय'. कवी असतो तर त्यावर काहीतरी लिहिलं असतं. मला फक्त लाज वाटली.

बहीण दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, 'दादा, ते व्हयातलं नाय हाय. तिला पाणी पायजे.' तिनं भांडं तोंडाला लावलं आणि आई घटाघट प्यायली.

'तुला कसं कळलं?'

'आखूड म्हणली ना. व्हयातलं आखूड असतं. नायातलं नाय म्हणताना मान भिंतीकडं करते.'

मला ते पटेना. आजार्‍याच्या मनात काय आहे ते शेजारचं माणूस आपल्या सोयीनं ठरवतं, हे मी वाचलं होतं. मी रेघा ताडून पाहिल्या. आखूड-लांब असा फरक कधी दिसे, कधी पार उलटा निघे. तसं मी बहिणीला सांगितलं, जरा प्राध्यापकी आवाजात सांगितलं, आणि पुण्याचा विषय काढला. म्हणालो, आईला न्यायचं मी ठरवलंय, तुझी कमरही सुटेल.

ती भांडखोर नाही. पण त्या दिवशी तिनं हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला.

'ने ना. माजी कंबर सुटंल. पण तिथं तुझी बाई इचारील, आजी, जेवताय का? ही म्हनंल नाय. बाई ताट उचलून नेईल. तू कालिजात. पाणी तरी मिळंल का तिला?'

पुण्याच्या त्या नीटनेटक्या घरात, जिथे नाही म्हणजे नाहीच असतं, आई ताटासमोर उपाशी बसलेली मला दिसली.

मग मला सुचलं ते अगदी साधं होतं. निवृत्तीला तसाही थोडाच काळ उरला होता. मुलगी मार्गी लागली, बायकोनं आधीच एकदा सुचवलं होतं. आईला न्यायचं नाही, आपणच इथे यायचं. कानाला सवय होईल. लहानपणी कुजबुज ओळखत होतो, तर हे का नाही ओळखणार? इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

लॅपटॉप मिटला आणि आईच्या कॉटवर बसलो. बहीण तिच्या केसांची गुंत काढत होती. मी म्हणालो, 'आय, मी नोकरी सोडतो. हितंच येतो तुज्यापाशी. राहू ना?'

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिनं काढून घेतला.

'नाय,' ती म्हणाली.

आखूड होतं की लांब, मला सांगता येणार नाही. तिनं मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून घेतले. माझ्या नोकरीची काळजी होती की मी तिला असं बघू नये असं वाटत होतं, ते मी तिला विचारू शकत नव्हतो. विचारलं असतं तर पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं.

बहिणीचा हात केसांत तसाच थांबला. तिनं आईच्या वळलेल्या मानेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, ती घाईघाईनं म्हणाली, 'व्हयातलं होतं रं, दादा.'

मी बरं म्हटलं. मला अर्थ कळायला बहिणीची गरज पडली नाही असं ते पहिलंच नाय होतं.